अंगचोर कोण? थकव्याच्या निदानाचा पक्षपाती इतिहास

१.
मराठीत एक शब्द आहे : अंगचोर. काम टाळणाऱ्याला, हात राखून काम करणाऱ्याला तो लावतात. शब्द उलगडून पाहिला की त्यातला आरोप चमत्कारिक वाटू लागतो. अंग ज्याचे, त्यानेच ते चोरले! स्वतःच्या वस्तूची चोरी कोणी करत नाही. तेव्हा हा शब्द ज्याने प्रथम उच्चारला, त्याच्या मनात त्या अंगाचा मालक दुसराच कोणी असला पाहिजे. हा धागा त्या मालकाच्या नजरेविषयी आहे, आणि ज्यांच्या स्नायूंत खरोखरच बळ उरत नाही अशा माणसांविषयी आहे.

२.
भंडारा जिल्ह्यातील मोहाडी तालुका हा धानाचा मुलूख. पावसाळ्यात येथे रोवणी चालते. चिखलाने भरलेल्या बांधीत, कमरेत वाकून, बाया दिवसभर पऱ्हे लावत मागे मागे सरकतात. पाठीचे, मांड्यांचे, पोटऱ्यांचे स्नायू तासन्‌तास ताणलेले असतात. आंधळगावसारख्या विणकरांच्या गावी कोशाचे कापड हातमागावर निघते. तेथेही सारा भार हातापायांवरच. अशा मुलखात ‘अंगात जीव नाही’ हे वाक्य तक्रार म्हणून ऐकले जाते की सबब म्हणून, यावर एखादीची मजुरी आणि तिचा मान अवलंबून असतो. कधीकधी तिचे आयुष्यही.

३.
या प्रश्नाचे उत्तर वैद्यकाने वेळोवेळी दिले आहे, आणि ते बहुतेकदा शरीर पाहून दिलेले नाही. थकणारा कोणत्या पायरीवर उभा आहे, हे पाहून दिले आहे. साहेब थकला तर तो आजारी. मजूर थकला तर आळशी. बाई थकली तर मनाने कमकुवत. गेल्या दीडशे वर्षांच्या नोंदी हीच विषम वाटणी दाखवतात. तिचे अगदी अलीकडचे बळी म्हणजे ज्याला आज ‘क्रॉनिक फटीग सिंड्रोम’ किंवा ‘एमई’ म्हणतात त्या विकाराचे रुग्ण.

४.
आरंभ जुन्या ग्रंथापासून करावा. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात, चौथ्या अध्यायात, दोन वेगळ्या अवस्थांची लक्षणे दिली आहेत. श्रम न करताच देहाला येणारा, धाप न लावणारा आणि इंद्रियांच्या कामात अडथळा आणणारा शीण म्हणजे ‘क्लम’. अंगात शक्ती असूनही कामाविषयी उत्साह नसणे म्हणजे ‘आलस्य’. एवढ्यावरून ‘आपल्याकडे सारे आधीच ठाऊक होते’ अशी फुशारकी मारण्याचे कारण नाही. सुश्रुताला हा आधुनिक विकार माहीत नव्हता. पण शक्ती नसणे आणि शक्ती असून न वापरणे या दोन गोष्टी भिन्न आहेत, एवढा विवेक त्या पाठात आहे. पुढे प्रयोगशाळा आल्या, यंत्रे आली, आणि नेमका हाच विवेक हरवला.

५.
१८६९ साली न्यूयॉर्कचे डॉक्टर जॉर्ज मिलर बिअर्ड यांनी ‘न्यूरास्थेनिया’ हे निदान लोकप्रिय केले. मज्जातंतूंची शक्ती संपून जाणे, असा त्याचा अर्थ. १८८१च्या ग्रंथात त्यांनी त्याची कारणे सांगितली : वाफेचे यंत्र, तार, वृत्तपत्रे, विज्ञानाची वाढ आणि स्त्रियांचे वाढते बौद्धिक व्यवहार. हा रोग त्यांच्या मते सुधारलेल्या समाजाचा आणि त्यातही डोक्याने काम करणाऱ्यांचा. म्हणजे थकवा हे सुसंस्कृतपणाचे लक्षण ठरले. श्रीमंतांना त्यावर विश्रांती, पौष्टिक आहार आणि हवापालट लिहून दिला जाई. शेतात राबणाऱ्याच्या थकव्याला या शास्त्रात जागाच नव्हती.

६.
हे निदान वसाहतींत आले तेव्हा त्याला ‘उष्णकटिबंधीय न्यूरास्थेनिया’ असे नाव पडले. विसाव्या शतकाच्या आरंभी उष्ण देशांत नोकरी करणाऱ्या गोऱ्या माणसांच्या थकव्याला, चिडचिडीला आणि निद्रानाशाला ते लावले जाई. ऊन, दमट हवा आणि मायदेशाचा विरह ही त्याची कारणे, थंड हवा आणि रजा हे उपाय. भंडारा जिल्हा त्या वेळी मध्यप्रांतात होता. त्या प्रांताचे सरकार उन्हाळ्यात पचमढीला मुक्काम हलवी. ज्या उन्हाने साहेबाचे मज्जातंतू शिणतात अशी समजूत होती, त्याच उन्हात येथील शेतमजूर नांगरणीपूर्वीची कामे उरकत असे. त्याच्यासाठी पचमढी नव्हती आणि निदानही नव्हते.

७.
त्याच्या वाट्याला एक विशेषण आले : आळशी. मलेशियातील समाजशास्त्रज्ञ सय्यद हुसेन अलातास यांनी १९७७च्या आपल्या ग्रंथात मलाया, जावा आणि फिलिपिन्स येथील वसाहतींचा अभ्यास करून दाखवले, की ‘आळशी देशी माणूस’ ही प्रतिमा निरीक्षणातून जन्मलेली नव्हती. मळ्यांवर आणि खाणींत मिळेल त्या दराने राबायला जो नकार देई, तो आळशी. या प्रतिमेमुळे सक्तीची मजुरी आणि तुटपुंजा मोबदला दोन्ही रास्त भासू लागत. अंगचोर या शब्दातला मालक येथे उघड दिसतो.

८.
या विशेषणाची फजितीही इतिहासाने पाहिली आहे. अमेरिकेच्या दक्षिणेकडील गरीब शेतकरी आळशी आणि मंद म्हणून बदनाम होते. १९०२ साली चार्ल्स वॉर्डेल स्टाइल्स या शास्त्रज्ञाने त्यांच्या थकव्यामागे अंकुशकृमी असल्याचे जाहीर केले. अनवाणी पायांच्या त्वचेतून शिरणारा हा कृमी आतड्यात राहून रक्त शोषतो. रक्तातील लोह घटते, स्नायूंना प्राणवायू कमी पडतो, माणूस बसल्या जागी गळून जातो. वृत्तपत्रांनी या शोधाची ‘आळसाचा जंतू सापडला’ अशी थट्टा केली. थट्टा करणाऱ्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली नाही. जंतू सापडला त्या क्षणी आळस नाहीसा झाला होता. उरला होता केवळ आजार.

९.
थकवा मोजता येतो, हेही तोवर सिद्ध झालेले होते. इटलीतील ट्यूरिनचे शरीरशास्त्रज्ञ आंजेलो मोस्सो यांनी ‘एर्गोग्राफ’ नावाचे यंत्र बनवले. त्यात एका बोटाने ठरावीक वजन पुनःपुन्हा उचलायचे. प्रत्येक वेळी ते किती उचलले गेले याची रेघ कागदावर उमटे. बोट थकत जाई तशी रेघ खुजी होत जाई. दिवसभर तोंडी परीक्षा घेऊन आलेल्या प्राध्यापकाचे बोट नेहमीपेक्षा लवकर थकते, असेही त्यांना आढळले. १८९१ साली थकव्यावरचा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. मेंदूचा शीण स्नायूत उतरतो, हा त्यातला धडा. ‘शरीराचा थकवा खरा आणि मनाचा खोटा’ ही विभागणी तेव्हाच मोडीत निघायला हवी होती.

१०.
स्नायूचे काम कसे चालते, हे येथे थोडक्यात पाहणे जरूर आहे. स्नायूचा धागा आकसतो तो ‘एटीपी’ या रेणूतील ऊर्जेवर. हा साठा काही सेकंदांपुरताच असतो, म्हणून तो सतत नव्याने बनवावा लागतो. घाईच्या वेळी तो प्राणवायूशिवायही बनतो. पण ती सोय अल्पकाळाची असते. दिवसभराच्या कामासाठी पेशीतील तंतुकणिका, म्हणजेच मायटोकॉन्ड्रिया, रक्तातून आलेला प्राणवायू वापरून ऊर्जा पुरवतात. या साखळीतला कोणताही दुवा निखळला, म्हणजे रक्त अपुरे पडले, सूक्ष्म वाहिन्या तुंबल्या, तंतुकणिका बिघडल्या किंवा मेंदूकडून आज्ञाच नीट निघाली नाही, तरी बाहेरून दिसणारे दृश्य एकच : माणूस बसून राहतो. कारण डोळ्यांनी दिसत नाही. ते शोधावे लागते.

११.
आता १९५५च्या लंडनकडे. जुलै महिन्यात तेथील रॉयल फ्री रुग्णालयात एक विलक्षण साथ उद्भवली. नोव्हेंबरपर्यंत २९२ कर्मचारी आजारी पडले. त्यांपैकी २५५ जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. आधीपासून दाखल असलेल्या रुग्णांपैकी मात्र केवळ १२ जणांना लागण झाली. डोकेदुखी, ताठरलेली मान, स्नायूंच्या तीव्र वेदना आणि पराकोटीचा अशक्तपणा ही लक्षणे होती. जुलैच्या अखेरीस रुग्णालय बंद करावे लागले, ते ऑक्टोबरमध्ये उघडले. पुढच्याच वर्षी ‘लॅन्सेट’ने या विकारासाठी ‘मायाल्जिक एन्सेफॅलोमायलायटिस’, म्हणजे एमई, हे नाव सुचवले.

१२.
त्या रुग्णांवर उपचार करणाऱ्यांत डॉ. मेल्विन रॅम्झी होते. पुढची अनेक वर्षे त्यांनी या विकाराचा माग सोडला नाही. त्यांच्या मते निदानाची खरी खूण स्नायूंच्या वागण्यात होती. निरोगी स्नायू थकतो आणि विश्रांतीने काही वेळात सावरतो. या रुग्णांचा स्नायू किरकोळ श्रमानंतरही तीन, चार, पाच दिवस किंवा त्याहून अधिक काळ पूर्ववत होत नाही. कोणी किती थकतो यापेक्षा किती दिवसांनी सावरतो, हा प्रश्न त्यांनी महत्त्वाचा मानला. रुग्णाच्या उशाशी बसून केलेले हे निरीक्षण होते.

१३.
यावर १९७० साली जे घडले, त्याची नोंद वैद्यकाच्या इतिहासात ठळकपणे राहायला हवी. मॅकएव्हेडी आणि बिअर्ड या दोन मानसोपचारतज्ज्ञांनी रॉयल फ्रीच्या जुन्या नोंदी चाळून असा निष्कर्ष काढला, की ती साथ म्हणजे सामूहिक उन्माद होता. (हे बिअर्ड न्यूयॉर्कच्या बिअर्डांहून वेगळे.) रुग्णांना ते भेटले नव्हते. रुग्णांत तरुण स्त्रियांचे प्रमाण मोठे होते, हा त्यांच्या युक्तिवादाचा एक आधार. साथ जेथे पसरली तेथे परिचारिकांची संख्याच मोठी होती, ही साधी गोष्ट त्या युक्तिवादापुढे निष्प्रभ ठरली. रॅम्झींनी रुग्ण तपासले होते, या दोघांनी कागद तपासले. पुढची अनेक दशके वजन कागदालाच मिळाले.

१४.
१९८०च्या दशकात अमेरिकेतील नेवाडा राज्यात अशाच आजाराचे रुग्ण आढळले. १९८८ साली तेथील रोगनियंत्रण केंद्राने त्याची व्याख्या केली आणि ‘क्रॉनिक फटीग सिंड्रोम’ हे नाव दिले. नावात थकवा तेवढा राहिला. श्रमानंतर दिवसेंदिवस न सावरणारा स्नायू गळाला. थकवा तर सर्वांनाच येतो, असे म्हणायला जग मोकळे झाले. वृत्तपत्रांनी त्याला सुखवस्तू तरुण नोकरदारांचा ताप अशा अर्थाचे कुत्सित टोपणनाव दिले. गंमत पाहावी : न्यूयॉर्कच्या बिअर्डांच्या काळी वरच्या वर्गाचा थकवा प्रतिष्ठेचा होता, शंभर वर्षांनी तोच चेष्टेचा झाला. गरिबाचा थकवा दोन्ही वेळा हिशेबाबाहेरच राहिला.

१५.
यानंतर एका सिद्धांताने जोर धरला. मूळ आजार संपला आहे. रुग्ण श्रमाला घाबरतो, म्हणून पडून राहतो. पडून राहिल्याने स्नायू दुबळे होतात, म्हणून तो आणखी थकतो. तेव्हा व्यायाम टप्प्याटप्प्याने वाढवत न्यावा. ब्रिटनमध्ये ६४१ रुग्णांवर ‘पेस’ नावाची चाचणी झाली आणि २०११ साली ‘लॅन्सेट’ने तिचे अनुकूल निष्कर्ष छापले. पुढे तिचे निकष तपासले गेले तेव्हा एक अजब गोष्ट उघड झाली. शारीरिक क्षमतेचे गुण ६५ किंवा त्याहून कमी असतील तर माणूस चाचणीत प्रवेश मिळण्याइतका आजारी. आणि ‘बरा झाला’ म्हणण्यासाठी त्याच मापावर ६० गुण पुरेसे! म्हणजे या एका निकषापुरता माणूस दाखल होतानाच आजारीही असू शकत होता आणि बराही. मूळ आराखड्यात हा उंबरठा ८५ होता.

१६.
दरम्यान सायकलवरच्या चाचण्या वेगळेच सांगत होत्या. रुग्णाला एकदा पूर्ण दमेपर्यंत सायकल चालवायला लावायची आणि चोवीस तासांनी तीच चाचणी पुन्हा घ्यायची. बैठे काम करणारी, व्यायामाची सवय नसलेली निरोगी माणसेही दुसऱ्या दिवशी साधारण पहिल्याइतकीच कामगिरी करतात. एमईच्या रुग्णांची कामगिरी मात्र दुसऱ्या दिवशी घसरते, असे एकाहून अधिक अभ्यासांत आढळले. केवळ सवय मोडल्यामुळे स्नायू दुबळे झाले असते, तर ही एका रात्रीतली घसरण कशी स्पष्ट होणार? २०१५ साली अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने हा गंभीर, सर्वांगीण शारीरिक आजार असल्याचे आणि श्रमानंतर बिघडणे हे त्याचे गाभ्याचे लक्षण असल्याचे सांगितले. २००७ साली वाढत्या व्यायामाची शिफारस करणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने ऑक्टोबर २०२१मध्ये ती मागे घेतली. मधल्या १४ वर्षांत ‘अजून थोडे चाला’ हा सल्ला पाळून ज्यांची प्रकृती ढासळली, त्यांची भरपाई कोणी केली नाही.

१७.
जानेवारी २०२४मध्ये ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये स्नायूंचा थेट पुरावा मांडला. कोविडनंतर महिनोन्‌महिने न सावरलेले २५ रुग्ण आणि २१ निरोगी माणसे. दोघांच्याही मांडीच्या स्नायूचा सूक्ष्म तुकडा श्रमापूर्वी आणि श्रमानंतर काढून तपासला गेला. रुग्णांच्या तंतुकणिकांची ऊर्जानिर्मिती कमी होती आणि श्रमानंतर ती आणखी घटली. स्नायूंच्या धाग्यांची मोडतोड वाढलेली होती. हे रुग्ण दीर्घ कोविडचे होते, एमईच्या प्रत्येक रुग्णाला हा निष्कर्ष जसाच्या तसा लागू करता येत नाही. तरीही श्रमानंतर बिघडणे हे लक्षण दोन्हींत समान आहे. रॅम्झींनी जे डोळ्यांनी टिपले होते, त्याच दिशेचा पुरावा सूक्ष्मदर्शकाखाली दिसला.

१८.
विरुद्ध बाजूचा पुरावाही मांडायला हवा. त्याच वर्षी फेब्रुवारीत, त्याच नियतकालिकात, अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचा १७ रुग्णांचा अभ्यास आला. हाताची मूठ आवळण्याच्या चाचणीत त्यांना स्नायूचा बिघाड न दिसता मेंदूच्या श्रमनियंत्रणात फरक दिसला. त्याला त्यांनी ‘श्रमाची पसंती’ अशा अर्थाचा शब्द वापरला आणि रुग्ण संतापले. संताप रास्त होता. मेंदूच्या पेशींतील बदलाला ‘पसंती’ म्हणणे म्हणजे जुना अंगचोर नव्या पोशाखात उभा करणे होय. बिघाड स्नायूत आहे, मेंदूत आहे की दोन्हींत, हा वाद खुला आहे. परंतु दोहोंपैकी कोणतेही उत्तर ‘आळस’ असे नाही.

१९.
भारताचे काय? २००५ साली विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी गोव्यातील २४९४ स्त्रियांची पाहणी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध केली. सुमारे १२ टक्के स्त्रियांनी दीर्घकाळच्या थकव्याची तक्रार सांगितली. त्या तक्रारीचा संबंध गरिबी, नवऱ्याकडून होणारी मारहाण आणि मानसिक त्रास यांच्याशी आढळला. रक्तातील हिमोग्लोबिनशी आढळला नाही. दीर्घकाळचा थकवा म्हणजे एमई नव्हे, हे खरे. मात्र ‘म्हणजे शेवटी सारे मनाचेच’ असे या पाहणीवरून म्हणणारा ती उलटी वाचतो. भूक, मार आणि कर्ज या मनातल्या कल्पना नव्हेत. हा थकवाही खराच आहे. त्याच्या कारणाचा पत्ता घरात आणि बाजारात आहे, एवढेच.

२०.
आणि मोहाडी? पूर्व विदर्भात थकव्याचे आणखी एक कारण पिढ्यान्‌पिढ्या रक्तातून वाहत आले आहे : सिकलसेल. १९५८ साली शुक्ला आणि सोलंकी यांनी नागपूर भागातील सिकलसेलची नोंद ‘लॅन्सेट’मध्ये मांडली. या आजारात प्राणवायू कमी पडताच तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकतात, सूक्ष्म वाहिन्या तुंबतात आणि स्नायूंना ऐन श्रमाच्या वेळी पुरवठा होत नाही. १९५८पूर्वीही ही माणसे येथे होतीच. रोवणीला जात होती, अर्ध्या दिवसात कोसळत होती. त्यांना तेव्हा काय म्हटले जात असेल, हे सांगायला ग्रंथाची गरज नाही. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली ती १ जुलै २०२३ रोजी. नोंद आणि मोहीम यांत ६५ वर्षांचे अंतर पडले. ज्यांच्या अंगात हा आजार असतो ते बहुतांशी आदिवासी, दलित आणि मागास जातींतले आहेत, ही गोष्ट त्या दिरंगाईपासून वेगळी काढता येत नाही.

२१.
येथे एक आक्षेप हटकून येतो : प्रत्येकाच्या थकव्यावर विश्वास ठेवला तर काम करणार कोण? मोस्सोच्या काळापासून थकवा मोजण्याची साधने वाढतच गेली आहेत. हिमोग्लोबिन, सिकलसेल, थायरॉइड आणि क्षयरोगाची तपासणी तालुक्याच्या पातळीवर करण्याजोगी आहे. एमईसाठी एकच एक रक्तचाचणी आजही नाही. पण ‘कामानंतर सावरायला किती दिवस लागतात?’ हा रॅम्झींचा प्रश्न विचारायला कोणतेही यंत्र लागत नाही. तो न विचारता एक सलाईन, एक ताकदीचे इंजेक्शन आणि ‘टेन्शन घेऊ नका’ एवढ्यावर बाईची बोळवण होते. खोटे रुग्ण असतील. पण त्यांच्या भीतीने खऱ्यांना खोटे ठरवण्याची किंमत इतिहासाने मोजली आहे, आणि ती आक्षेप घेणाऱ्यांनी मोजलेली नाही.

२२.
इतिहासाचा अभ्यास करणाऱ्यांनी या साऱ्यातून एक सवय उचलावी. जुन्या गॅझेटियरात, पत्रव्यवहारात किंवा अहवालात एखाद्या जातीला, गावाला किंवा बायकांना ‘आळशी’ म्हटलेले दिसले, की तो शब्द वर्णन म्हणून वाचू नये. तो साक्ष म्हणून वाचावा, आणि साक्षीदार कोण हे आधी विचारावे. त्याने त्या माणसांचे रक्त तपासले होते का, जेवणाचे ताट पाहिले होते का, मजुरीचा दर लिहून ठेवला होता का? उत्तर ‘नाही’ असेल, तर तो शब्द थकणाऱ्याविषयी काहीच सांगत नाही. लिहिणाऱ्याविषयी मात्र सारे सांगतो.

२३.
सुश्रुताच्या पाठात क्लम आणि आलस्य वेगळे होते. ते एकत्र कालवले गेले ते राबवून घेणाऱ्यांच्या सोयीसाठी. मोहाडीच्या बांधीत कमरेवर हात ठेवून उभी राहिलेली बाई काही चोरत नाही. तिचे अंग तिचेच आहे. ते का चालत नाही, हे शोधून काढणे डॉक्टरांचे काम आहे. शोध लागेपर्यंत तिला अंगचोर न म्हणणे, हे बाकी सर्वांचे.

(समाप्त)